कुजणे, विरणे आणि चुरा होणे

‘प्लॅस्टिक’ या शब्दाला आज जी अपकीर्ती चिकटली आहे, ती त्याच्या जन्मकाळी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिलियर्ड या खेळाचे चेंडू हस्तिदंताचे होत असत व त्यासाठी हत्तींची सर्रास हत्या होई. हस्तिदंतास पर्याय शोधणाऱ्यास अमेरिकेतील एका व्यापारी पेढीने दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले होते. या आवाहनातूनच जॉन वेस्ली हायट या मुद्रकाने १८६९-७० च्या सुमारास कापसापासून मिळणाऱ्या नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून सेल्युलॉइड सिद्ध केले. म्हणजे पहिले प्लॅस्टिक हे वनस्पतिजन्य होते आणि ते प्राण्यांचा कैवारी म्हणून जगापुढे आले होते. कासवाच्या पाठीच्या फण्या व हस्तिदंताच्या मुठी सर्वसामान्यांच्या घरांतून नाहीशा झाल्या, त्या या नव्या पदार्थामुळेच. आज ‘पर्यावरणस्नेही’ हे बिरुद लावून जे पदार्थ बाजारात येत आहेत, त्यांचे स्वागत करताना हा पूर्वेतिहास ध्यानी ठेवणे उपयोगाचे होईल.

बडोद्याच्या वाचकास सेल्युलॉइड परके नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये स्थापन केलेल्या कलाभवनात ज्यांनी शिक्षण घेतले, त्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला तो याच पदार्थाच्या फितीवरून. परंतु ही कापसाची लेक भारी तापट. नायट्रेटची फीत जुनी झाली की आपल्या आपण कुजू लागते, चिकट होते, आणि पेटली की पाण्यानेही विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशा जुन्या फितींना आग लागून आपल्या आरंभकालीन चित्रपटांचा मोठा ठेवा भस्मसात झाला. वनस्पतीपासून जन्मलेली म्हणून वस्तू निरुपद्रवी ठरत नाही, आणि ती कुजते एवढ्यावरून ती हितकर आहे असेही म्हणता येत नाही. तिचे काम संपण्यापूर्वी ती कुजली तर तो दोषच होय.

पुढे प्लॅस्टिकचे मूळ कापसावरून खनिज तेलाकडे सरकले. १९३३ मध्ये इंग्लंडातील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेत गिब्सन व फॉसेट या दोघांना, दुसरेच काही शोधीत असता, भांड्याच्या तळाशी एक पांढरा मेणासारखा पदार्थ आढळला. तेच पॉलिथीन. बडोद्याजवळ कोयली येथे १९६५ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. मार्च १९६९ मध्ये इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनची स्थापना झाली व त्यानंतरच्या दशकात येथे नाफ्थ्याचे विघटन करून पॉलिथीन आदी पदार्थ करणारा सरकारी प्रकल्प उभा राहिला. २००७ साली ही संस्था रिलायन्समध्ये विलीन झाली. या उद्योगाने शहराला पगारदार मध्यमवर्ग दिला, वसाहती दिल्या, शाळांना विद्यार्थी दिले. अनेक मराठी कुटुंबे त्यानिमित्ताने येथे स्थिरावली. तेव्हा प्लॅस्टिकला एका दमात शिव्या देणे निदान आम्हां बडोदेकरांस शोभणार नाही. तथापि निजामपुऱ्याच्या बाजूने जाणाऱ्या भुखी कांसात व पुढे विश्वामित्रीत पावसाळ्याच्या तोंडी जे तरंगताना दिसते, तेही याच उद्योगाचे दुसरे टोक आहे, हे नाकारून कसे चालेल?

आता पदार्थाकडे वळू. ‘पॉलिमर’ या शब्दासाठी मराठी विश्वकोशाने ‘बहुवारिक’ हा शब्द स्वीकारला. तो जिभेवर लवकर रुळत नाही हे खरे, परंतु त्यात कल्पना चोख आहे. एकच लहान रेणू पुन:पुन्हा, शेकडो-हजारो वेळा, एकमेकांस जोडला जाऊन जी दीर्घ साखळी होते, ती बहुवारिक. अशा प्रचंड रेणूंचे अस्तित्व जर्मन शास्त्रज्ञ हर्मान श्टाउडिंगर याने १९२० मध्ये प्रतिपादन केले, तेव्हा त्याच्या समव्यवसायिकांचा त्यावर विश्वास बसला नाही. नोबेल पारितोषिक मिळावयास १९५३ साल उजाडले. वस्तुत: निसर्ग हे काम अनादिकालापासून करीत आला आहे. तांदळातील पिष्ट आणि कापसातील सेल्युलोज ही दोन्ही ग्लुकोज या एकाच शर्करेच्या मण्यांची माळ होय. फरक एवढाच, की एकीत मणी एका बाजूने ओवले आहेत व दुसरीत उलटसुलट. या एवढ्याशा भेदामुळे भात आपल्याला पचतो व गवत पचत नाही. गाईला गवत पचते, तेही तिच्या पोटातील सूक्ष्मजंतूंच्या कृपेने. विद्यार्थ्यांना हे उदाहरण अवश्य सांगावे, कारण साऱ्या विषयाची किल्ली त्यात आहे. पदार्थ कोठून आला यापेक्षा त्याचे मणी कोणत्या गाठीने बांधले आहेत आणि ती गाठ सोडविणारा कोणी जवळपास आहे की नाही, यावर त्याचे कुजणे अवलंबून असते.

पॉलिथीनच्या साखळीत कार्बनला कार्बन थेट जोडलेला असतो. ही गाठ सहजगत्या सोडविणारी विकरे निसर्गापाशी जवळजवळ नाहीत, कारण असा पदार्थ त्याच्या आहारात कधी नव्हताच. याउलट पॉलिलॅक्टिक अम्ल, ज्याला व्यवहारात पीएलए म्हणतात, त्याच्या साखळीत अम्ल व अल्कोहोल यांच्या संयोगाने झालेली एस्टर नावाची गाठ असते. ती पाण्याने व उष्णतेने सैल होते. साखळीचे लहान तुकडे पडले म्हणजे सूक्ष्मजंतू त्यांवर तुटून पडतात. अर्थात केवळ एस्टर गाठ असणे पुरेसे नाही. आपल्या पॉलिएस्टर साड्यांतही तीच गाठ आहे, परंतु तेथे शेजारी बेंझीनचे ताठर कडे बसलेले असल्यामुळे पाण्याला आत शिरकाव मिळत नाही, आणि ती साडी नातीपर्यंत टिकते.

पीएलए तयार होण्याची रीत आपल्या स्वयंपाकघराशी नाते सांगते. दूध विरजताना जंतू दुधातील शर्करेचे जे अम्ल करतात, तेच दुग्धाम्ल अथवा लॅक्टिक अम्ल. कारखान्यात दुधाऐवजी उसाची अथवा मक्याची शर्करा घेतात, ती जंतूंकडून आंबवून दुग्धाम्ल करतात, त्यातील दोन दोन रेणूंचे पाणी काढून लॅक्टाइड नावाचे कडे बनवितात, आणि ते कडे उघडून साखळीत ओवतात. सांगावयास सोपे, परंतु करावयास दुर्घट. लॅक्टाइड अत्यंत शुद्ध नसेल तर साखळी आखूड राहते व वस्तू ठिसूळ होते. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातील ब्लेअर येथे मक्यापासून हा पदार्थ मोठ्या प्रमाणावर २००२ पासून होत आहे. आपल्याकडे पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरीस एक प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. शर्करेपासून थेट पीएलएपर्यंतच्या साऱ्या पायऱ्या तेथे एका आवारात आहेत. वर्षाला पंचावन्न टन ही त्याची क्षमता व्यापाराच्या दृष्टीने चिमूटभर आहे, परंतु हेतू विक्रीचा नसून तंत्र हस्तगत करण्याचा आहे. भंडाऱ्याच्या जेजुरीत उसाचे प्लॅस्टिक व्हावे हा योग मोठा मौजेचा. उत्तर प्रदेशात कुंभी येथे बलरामपूर चिनी मिल्सच्या वार्षिक सुमारे ऐंशी हजार टनांच्या कारखान्याची पायाभरणी २०२५ साली झाली. तेव्हा हा विषय आता केवळ प्रयोगशाळेचा राहिलेला नाही.

येथे भाषेच्या अभ्यासकांनी थोडे थांबावयास हवे. बाजारातील पिशव्यांवर ‘बायोप्लॅस्टिक’, ‘बायोडिग्रेडेबल’, ‘कंपोस्टेबल’, ‘इको-फ्रेंडली’ हे शब्द एकमेकांचे पर्याय असल्याप्रमाणे छापलेले आढळतात, आणि आपली वृत्तपत्रेही त्या सर्वांना ‘पर्यावरणपूरक’ या एकाच गाठोड्यात बांधून मोकळी होतात. वास्तविक यांतील पहिला शब्द पदार्थाच्या कुळाविषयी बोलतो व पुढचे दोन त्याच्या मरणाविषयी. कूळ आणि मरण यांचा परस्परांशी काडीचाही संबंध असण्याचे कारण नाही. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या मद्यार्कापासून पॉलिथीन करतात. त्याचे कूळ अस्सल शेतातील, परंतु ते तेलाच्या पॉलिथीनइतकेच अमर आहे, कारण साखळी तीच आहे. उलट पीबीएटी नावाचा एक पदार्थ जवळजवळ सर्वस्वी खनिज तेलापासून होतो, तरी तो सूक्ष्मजंतूंस खाता येतो. आपल्या हाती येणाऱ्या ‘कंपोस्टेबल’ पिशव्यांत बहुधा हाच पीबीएटी असून त्यात पिष्ट किंवा पीएलए मिसळलेले असते. ‘मक्याची पिशवी’ म्हणून जिचे कौतुक होते, तिच्यात मका हा पुष्कळदा पाहुणाच असतो.

संस्कृतप्रचुर पारिभाषिक शब्द घडविण्याआधी आपल्या बोलीत काय आहे ते पाहावे, असे मला नेहमी वाटते. कलाभवनाचे पहिले प्रमुख प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे महाराजांनी ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ ही देशी भाषेतील शास्त्रीय ग्रंथमाला सोपविली, तीमागे शास्त्र कारागिराच्या भाषेत बोलले पाहिजे हाच आग्रह होता. आणि या विषयात आपली भाषा खरोखर श्रीमंत आहे. मीठ पाण्यात विरघळते, धोतर वापरून विरते, वहाण झिजते, पाला कुजतो, वीट फुटून तिचा चुरा होतो. शेतकऱ्याला यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालणार नाही. ‘जैवविघटनशील’ या भारदस्त शब्दाखाली मात्र हे सर्व भेद झाकून जातात.

या झाकण्याचा लाभ घेणारे उत्पादक निघाले. साध्या पॉलिथीनमध्ये कोबाल्ट, मँगनीज यांसारख्या धातूंचे क्षार मिसळले की उन्हाने व हवेने त्याची साखळी तुटू लागते व पिशवी काही महिन्यांत दिसेनाशी होते. यास ‘ऑक्सो-डिग्रेडेबल’ म्हणत व तेही पर्यावरणस्नेही म्हणून विकले जाई. परंतु ही पिशवी कुजत नाही, तिचा चुरा होतो. डोळ्यांआड झालेले कण मातीत, पाण्यात व पुढे माशाच्या पोटात शिल्लक राहतात. युरोपीय संघाने २०२१ पासून अशा वस्तूंवर बंदी घातली. आपल्या नियमांतही मार्च २०२४ च्या दुरुस्तीने जैवविघटनशील प्लॅस्टिकची व्याख्या करताना, मागे सूक्ष्म प्लॅस्टिक उरता कामा नये, अशी अट घातली गेली. कायद्याने उशिरा का होईना, पण ‘कुजणे’ व ‘चुरा होणे’ यांतील भेद मान्य केला.

‘कंपोस्टयोग्य’ हा शब्द त्यातल्या त्यात प्रामाणिक आहे, कारण तो एका कसोटीशी बांधलेला आहे. भारतीय मानक १७०८८ ही ती कसोटी. खताच्या उष्ण राशीत बारा आठवड्यांनंतर दोन मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ वजनाच्या दशांशाहून अधिक तुकडे उरू नयेत, आणि सहा महिन्यांत पदार्थातील किमान नव्वद टक्के कार्बनचा कर्बवायू व्हावा, अशी तिची मुख्य अंगे आहेत. मात्र ही रास सुमारे ५८ अंश सेल्सिअसला ठेवलेली असते, हे पिशवीवर कोणी मोठ्या अक्षरांत छापीत नाही. पीएलएची साखळी साधारण ५५ ते ६० अंशांना मऊ पडते व तेव्हाच पाणी तिच्यात वेगाने शिरते. परसातील खड्ड्यात, गटारात किंवा समुद्राच्या थंड पाण्यात ते तापमान येत नाही, आणि तेथे ही पिशवी वर्षानुवर्षे जशीच्या तशी राहू शकते. ज्या गावी असा उष्ण खतप्रकल्प नाही, तेथे कंपोस्टयोग्य पिशवी म्हणजे सासरी जाण्याची तयारी असलेली, परंतु सासरच नसलेली नवरी होय.

आणि येथे कायद्याचा संबंध येतो. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या महापुरात नाले तुंबविण्याचा दोष पिशव्यांकडे गेला, तेव्हापासून महाराष्ट्रात निर्बंध कडक होत गेले व २३ मार्च २०१८ रोजी व्यापक बंदी आली. सबंध देशात १ जुलै २०२२ पासून काही एकदाच वापरावयाच्या वस्तू निषिद्ध झाल्या, आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून हातपिशवीची जाडी किमान १२० मायक्रॉन असली पाहिजे असे ठरले. कंपोस्टयोग्य पिशवीला मात्र जाडीची अट लागू नाही. साहजिकच तो शब्द आता केवळ विशेषण न राहता परवाना झाला आहे. आमच्याकडे भाजीवाले अशा पातळ पिशवीला ‘झबलुं’ म्हणतात, तिचा आकार तान्ह्या मुलाच्या झबल्यासारखा असतो म्हणून. या झबल्यावर हिरव्या शाईने एक शब्द छापला, की आतला पदार्थ न बदलताही ते बंदीतून सुटण्याची शक्यता निर्माण होते. शब्दाचा गैरवापर हा येथे वाङ्मयीन दोष नसून सरळ फसवणूक आहे.

समजा, फसवणूक मुळीच नाही व सर्व पिशव्या खरोखर पीएलएच्या झाल्या. तरी हिशेब जमतो काय? रसायनशास्त्राच्या गणिताने १८० ग्रॅम शर्करेपासून फार तर १४४ ग्रॅम पीएलए मिळेल, म्हणजे एका किलोस किमान सव्वा किलो शर्करा, आणि उसाचा उतारा दहा टक्के धरला तर सुमारे बारा-साडेबारा किलो ऊस. आपला देश वर्षाकाठी सुमारे दोन कोटी टनांच्या घरात प्लॅस्टिक वापरतो. ते सारे उसाचे करावयाचे तर देशातील निम्म्याहून अधिक ऊस त्यात जाईल. मराठवाड्यातील विहिरींची अवस्था ज्याने पाहिली आहे, त्याला यापुढे सांगावयास नको. शिवाय किंमत पॉलिथीनच्या सुमारे दुप्पट वा अधिक पडते. जगात आज वर्षाला चाळीस कोटी टनांहून अधिक प्लॅस्टिक होते व त्यात या नव्या पदार्थांचा वाटा एक टक्क्यापेक्षाही कमी आहे, याचे कारण केवळ भांडवलदारांचा कोतेपणा नव्हे.

म्हणून ‘पर्याय’ हा शब्दही जपून वापरावा. सरसकट पर्याय कोणताच नाही. काही थोड्या जागा मात्र अशा आहेत, की तेथे कुजणारे प्लॅस्टिक खरोखर शोभते. शस्त्रक्रियेनंतर घालावयाचे विरघळणारे टाके हे त्याचे उत्तम उदाहरण. ग्लायकॉलिक व लॅक्टिक अम्लांच्या संयुक्त साखळीचे हे धागे १९७० च्या दशकापासून वापरात आहेत. जखम भरून येईपर्यंत ते धरून ठेवतात, आणि मग शरीरातील पाणीच त्यांची गाठ सोडविते. टाके काढण्याचे दुसरे दुखणे टळते. शेतीतही अशी जागा आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर जे प्लॅस्टिक अंथरतात, ते हंगामानंतर मातीसकट इतके माखलेले असते की ते धुऊन पुन्हा वितळविणे परवडत नाही, आणि तुकडे जमिनीत राहतात. तेथे मातीच्या तापमानाला कुजणारे आवरण मिळाले, तर पैसा जास्त पडूनही ते स्वस्तच म्हणावे लागेल. रोपवाटिकेतील काळ्या पिशव्यांचेही तसेच. याउलट दुधाची पिशवी घ्या. ती एकाच जातीच्या पॉलिथीनची, धुता येण्याजोगी व भंगारात किंमत येणारी असते. तिच्या जागी कुजणारी पिशवी आणण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. भंगार वेचणाऱ्या बायांना पीएलएची बाटली व नेहमीची पीईटीची बाटली यांतील भेद डोळ्यांनी कळत नाही, आणि थोडे पीएलए मिसळले तरी पीईटीचा सारा घाणा बिघडतो. नव्याच्या उत्साहात जुन्या पुनर्वापराची घडी विस्कटली, तर त्याचा भार या बायांच्या रोजीवर पडेल.

ज्यांच्याकडून अधिक आशा करावी असे पदार्थ सूक्ष्मजंतू स्वत:च तयार करतात. १९२६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मोरिस लेम्वान यास आढळले, की काही जंतू सुगीच्या दिवसांत अन्नाची बेगमी म्हणून आपल्या पेशीत एका पॉलिएस्टरचे कण साठवितात, आपण चरबी साठवितो तसे. पीएचबी हे त्याचे संक्षिप्त नाव. जे जंतूंनी अन्न म्हणून साठविले, ते इतर जंतू अन्न म्हणून ओळखतात. म्हणून हा पदार्थ मातीत व समुद्रातही कुजतो, त्याला भट्टीची ऊब लागत नाही. जंतू पोसणे, फोडणे व त्यातून तो कण शुद्ध काढणे फार खर्चाचे पडते, ही मात्र मोठीच अडचण. कीटकांची लाख हीही याच गोत्रातली राळ. लाक्षागृहाच्या कथेपासून सावंतवाडीच्या खेळण्यांपर्यंत व आमच्या शेजारच्या संखेड्याच्या झुल्यांपर्यंत आपण तिला ओळखतो. बेकलाइट १९०७ मध्ये शोधले गेले ते लाखेला पर्याय म्हणूनच, कारण विजेच्या वाढत्या धंद्याला पुरेल इतकी लाख किडे देईनात.

शाळेतील शिक्षकांना या विषयाची काही परीक्षा विद्यार्थ्यांकरवी करविता येईल. पॉलिथीन पाण्याहून हलके असते, तर पीएलए व पीबीएटी पाण्यापेक्षा सुमारे सव्वापट जड. पिशवीचा बोटभर तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवून, त्यावरील हवेचे बुडबुडे बोटांनी पुसून सोडावा. ‘कंपोस्टेबल’ म्हणविणारा तुकडा वर तरंगू लागला, तर दुकानदारास प्रश्न विचारण्यास हरकत नाही. तो बुडाला एवढ्यावरून मात्र त्याचे म्हणणे खरे मानू नये, कारण स्वस्त पॉलिथीनमध्ये खडूची भुकटी भरपूर घातली की तेही बुडते. आयोडीनचा थेंब टाकून निळसर डाग उमटल्यास पिष्ट आहे असे समजावे, परंतु पिष्ट मिसळले म्हणजे उरलेला भाग कुजेलच असे नाही. शाळेच्या खतखड्ड्यात पळसाचे पान, कागद, साधी पिशवी व कंपोस्टयोग्य पिशवी असे चार सारख्या मापाचे तुकडे नायलॉनच्या जाळीत बांधून पुरावेत, दर पंधरवड्यास उकरून पाहावेत, आणि प्रत्येक वेळी खड्ड्याचे तापमान वहीत टिपून ठेवावे. लहान खड्डा ५८ अंशांपर्यंत क्वचितच पोचतो, त्यामुळे चौथा तुकडा शाबूत निघाला तर दोष पदार्थाचा की खड्ड्याचा, हे त्या नोंदीवाचून ठरविता येणार नाही. कंपोस्टयोग्य पिशवीवर उत्पादकाचे नाव व केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेला असावा असा नियम आहे. प्रयोगास आरंभ करण्यापूर्वी मुलांनी तो क्रमांक पिशवीवर शोधावा, आणि सापडल्यास वहीच्या पहिल्या ओळीत उतरून घ्यावा.